छोट्या द्वीपराष्ट्रांच्या धोरणकर्त्यांना हवामान-नेतृत्वाचे वेगळे प्रशिक्षण कशासाठी दिले जाते?

मुख्य कारण अपुऱ्या मनुष्यबळाचे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत वित्तपुरवठा, अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे), हानी-नुकसान (हवामान बदलामुळे झालेली हानी आणि तिची भरपाई) अशा विषयांच्या बैठका एकाच वेळी चालतात आणि प्रशांत महासागरातील तुवालूसारख्या छोट्या देशाचे मोजके प्रतिनिधी सगळीकडे पुरे पडत नाहीत. म्हणून १९९० मध्ये स्थापन झालेली ‘एओसिस’ ही द्वीपराष्ट्रांची आघाडी फेलोशिपद्वारे तरुणांना न्यूयॉर्कला आणून वाटाघाटींचे प्रत्यक्ष शिक्षण देते. मसुद्यात चौकटी कंसात अडकलेला, अजून मान्य न झालेला मजकूर कुठे राखायचा आणि कुठे सोडायचा, हे कामातूनच उमगते. माझ्या मते सातत्याचा मुद्दा याहूनही मोठा आहे. वानुआतू या द्वीपराष्ट्राने १९९१ मध्ये आघाडीच्या वतीने मांडलेल्या भरपाईच्या मागणीनंतर हानी-नुकसान निधीला मान्यता मिळायला २०२२ मधील इजिप्तमधील शर्म अल-शेखची परिषद उजाडावी लागली, आणि इतका काळ विषय लावून धरणारी माणसे पिढी बदलली तरी तयार असावी लागतात.