त्रेसष्ट म्हटलं की ३६ लिहिते!

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी तिसरीला आहे, मराठी शाळा. पाढे फडाफडा म्हणते पण त्रेसष्ट लिही म्हटलं की ३६ लिहिते, एकोणसाठ सांगितलं तर ६१. वाचनाचं पण तेच, 'मार्गे' असेल तर 'मागे' वाचून पुढे पळते. रोज संध्याकाळी तासभर घेऊन बसते, शेवटी ती रडते आणि मी ओरडते. तिचे पप्पा म्हणतात क्लास लावू. काय करू?
– एक आई, फलटण

उत्तर : आधी तो तास बंद करा बघू. तासभर आपण तरी बसतो का हो मोबाईल न बघता? वीस मिनिटं खूप झाली, तीही दहा-दहा करून दोनदा.

आता ते ३६. ती धांदरट नाहीये, ती ऐकते तसंच लिहितेय. त्रेसष्टमध्ये तीन आधी कानावर पडतो आणि साठ नंतर, मग तिने ३ आधी लिहिला तर तिचं काय चुकलं? एकोणसाठमध्ये तर एक पण ऐकू येतो आणि साठ पण, झाले ६१! एकोण म्हणजे एक कमी हे तिला कोणी सांगितलंय का विचारा, बहुतेक नाही. असे शब्द शंभरात आठच आहेत, एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत, नव्व्याण्णव तेवढा वेगळा निघतो.

२०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आलं तेव्हा केवढी थट्टा झाली आठवतं ना, व्हॉट्सअपवर नुसते जोक. जुनी नावं काही काढली नव्हती, बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या की ही जोडाक्षरांची नावं पोरांना जड जातात, पण ऐकतंय कोण. आणि गंमत म्हणजे आपल्या आज्या तेच करायच्या की, 'सहावर तीन त्रेसष्ट, सहावर चार चौसष्ट'. यात सहा आधी येतो, लिहितो त्याच क्रमाने. घरात आजी असतील तर हे काम त्यांना द्या, तुमच्यापेक्षा बरं करतील (रागावू नका).

एकोणसाठसाठी दहाच्या सहा नोटा आणि थोडी चिल्लर घ्या. नोटा तिच्या हातात द्या, साठ झाले, आता म्हणा मला एक रुपया दे. ती आधी गोंधळेल, मग एक नोट तुमच्याकडून सुट्टी करून घेईल, दहा नाणी येतील, त्यातलं एक तुम्हाला देईल आणि तिच्याकडे उरतील पाच नोटा नि नऊ नाणी. मग विचारा किती, आणि तिलाच लिहू दे. वजाबाकीतला हातचा याच्यातच होऊन जातो, वेगळा शिकवत बसायला नको.

'मार्गे'चं दुखणं पण याच जातीचं. रफार बसतो 'गे'च्या डोक्यावर आणि वाचायचा त्याच्या आधी. कागदावर 'मार् – गे' असं तोडून लिहा, तसंच 'सूर् – य', 'गर् – दी', दिवसाला तीन शब्द बास. स्टँडवर गेलात की एसटीची पाटी तिला वाचू द्या, 'मार्गे' तिथे हमखास सापडतो. आणि ती अडकली की लगेच शब्द सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा, फार जड जातं हे, मला अजून जातं.

क्लासचे पैसे आत्ता तरी वाचवा, तिथे पंचवीस पोरांत ६१ का आलं हे विचारायला कोणाला वेळ असतो? दोन महिन्यांनी पण शब्द गाळतच असेल तर डोळे तपासून घ्या आणि वर्गातल्या बाईंना एकदा भेटा, जाताना वही बरोबर न्या.