किती शितं पुरेशी? वाचकांचे प्रश्न

राखीगढीच्या एकाच बाईच्या डीएनएवरून सिंधू संस्कृतीच्या लोकांविषयी ठाम विधानं केली जातात. एका सांगाड्यावरून एवढं कसं कळतं? (सांगली)

एकच का मिळाली, ते आधी. डेक्कन कॉलेज आणि हार्वर्डसह अनेक संस्थांचा हा शोधनिबंध सप्टेंबर २०१९मध्ये ‘सेल’ या विज्ञान नियतकालिकात आला. त्यासाठी ६१ नमुने तपासले आणि वापरण्याजोगा डीएनए फक्त एकातून निघाला. ऊन आणि ओल हे डीएनएचे वैरी. चार-साडेचार हजार वर्षं हरयाणातल्या जमिनीत राहिल्यावर त्याची लांब साखळी तुटून बारीक तुकडे उरतात, आणि नमुन्यात निघतो तो बहुतेक डीएनए मातीतल्या जिवाणूंचा असतो. म्हणून शक्यतो आतल्या कानाभोवतीचं पेट्रस हाड निवडतात. शरीरातलं ते सर्वांत घट्ट हाड, त्यामुळे त्यात काही टिकण्याची आशा जास्त. त्याची भुकटी करायची, डीएनए सोडवायचा आणि मानवी जनुकसंचातल्या सुमारे १२ लाख ठरावीक जागांना चिकटणारं रासायनिक जाळं टाकून हवे तेवढेच तुकडे वेचायचे. या बाईच्या बाबतीत हे शंभराहून अधिक वेळा करावं लागलं. हाती आल्या त्या ३१ हजारांच्या आसपास जागा.

हा डीएनए उत्खनन करणाऱ्याच्या हातचा नाही हे कशावरून? जुन्या तुकड्यांच्या टोकांना डीएनएच्या चार अक्षरांपैकी ‘सी’ हे अक्षर झिजून ‘टी’सारखं वाचलं जातं. ताज्या डीएनएत ही झीज नसते. झिजलेले तुकडे वेगळे काढून निष्कर्ष तोच येतो का, हेही पाहता येतं.

आता तुमची मूळ शंका. नमुना एकाचा की हजारांचा, हे प्रश्नावर ठरतं. ‘या बाईच्या पूर्वजांत कोणकोणते प्रवाह मिसळले होते?’ असं विचारलं तर साक्षीदार ३१ हजार आहेत, कारण जनुकसंचातली वेगवेगळी ठिकाणं वेगवेगळ्या पूर्वजांकडून आलेली असतात. त्यांचं उत्तर पुरेसं स्पष्ट आहे. प्राचीन इराणी लोकांशी नातं असलेला एक प्रवाह, दक्षिण आशियातल्या जुन्या शिकारी-संकलकांचा दुसरा, आणि गवताळ स्तेप प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश आढळत नाही. पण ‘राखीगढीत सगळेच असे होते का?’ असं विचारलंत की नमुना लगेच एकावर येतो.

ही उणीव भरून काढायला तुर्कमेनिस्तानातलं गोनूर आणि इराणमधलं शहर-ए-सोख्ता इथले ११ सांगाडे जोडीला घेतले. शेजाऱ्यांहून वेगळे आणि या बाईशी जुळणारे असे ते, म्हणजे बहुधा सिंधू खोऱ्यातून तिकडे गेलेले लोक. एकूण झाले १२. अशा वेळी एक सोपा ठोकताळा वापरतात. तपासलेल्यांपैकी एकातही एखादी गोष्ट आढळली नाही, तर ३ला नमुन्याच्या संख्येने भागायचं. इथे ३ भागिले १२, म्हणजे २५ टक्के. स्तेपचा अंश चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांत असता तर १२ जणांत बहुधा एकदा तरी दिसला असता. त्याहून कमी लोकांत असेल तर हा नमुना ते पकडेलच असं नाही. शिवाय हा ठोकताळा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यासाठी आहे. हे ११ जण तर त्यांचा वंशप्रवाह पाहूनच निवडलेले. म्हणून २५ टक्के हा आकडाही जरा उदारच समजा.

सिंधू लोक अमुकच भाषा बोलत, असे जे दावे या निबंधाच्या नावावर खपवले जातात, ते वेगळ्या पुराव्यांवर तपासावे लागतात. ही बाई काय बोलत होती, हे तिच्या कानाच्या हाडात लिहिलेलं नाही.

मुलीच्या बालवर्गात ‘संयम चाचणी’ घेतली. समोरचं चॉकलेट तिने लगेच खाल्लं. पुढच्या यशाचा याच्याशी संबंध आहे असं सांगितलं. खरं का? (ठाणे)

चॉकलेट खाल्लं, उत्तम केलं.

ही चाचणी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत सुरू केली. चारेक वर्षांच्या मुलासमोर एक मार्शमेलो (मऊ, फुगीर मिठाई) ठेवायचा. मोठं माणूस परत येईपर्यंत थांबलास तर दोन, नाहीतर हा एकच. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, जास्त वेळ थांबलेल्यांना पुढे सॅट या अमेरिकी महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेत जास्त गुण मिळाले असं दिसलं. भाषेच्या गुणांशी सहसंबंध ०.४२, गणिताशी ०.५७ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). पुस्तकांत आणि भाषणांत गाजलं ते हेच.

आता बारीक अक्षरातलं वाचा. चाचणीच्या ज्या प्रकारात हा संबंध दिसला, त्यात सॅटचे गुण मिळाले ते फक्त ३५ मुलांचे. ३५ जणांवर ०.४२ निघाला, तर खरी किंमत साधारण ०.१० ते ०.६६ यांच्यात कुठेही असू शकते. म्हणजे ‘जवळजवळ काहीच नाही’पासून ‘भरपूर’पर्यंत. आणि विद्यापीठाच्या आवारातली ही मुलं, बरीचशी प्राध्यापकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या घरची. एकाच कुंडीतली रोपं मोजून शेताचा अंदाज बांधण्यातला हा प्रकार.

२०१८मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९१८ मुलांची माहिती तपासली. त्यांचा भर होता ५५२ मुलांवर, ज्यांच्या आयांचं पदवीपर्यंत शिक्षण झालेलं नव्हतं. थांबण्याचा वेळ आणि १५व्या वर्षीची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध आधीच्या निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची लहानपणीची समज हिशेबात धरल्यावर उरलेल्यातलाही सुमारे दोन तृतीयांश गेला. जो राहिला, तोही मुख्यतः पहिली २० सेकंदं कोण थांबलं आणि कोण नाही, एवढ्यापुरता.

या नव्या अभ्यासातही खोट आहे. त्यात थांबण्याची मर्यादा ७ मिनिटं होती. बऱ्याच मुलांनी ती पूर्ण केली, त्यामुळे ७ मिनिटं थांबणारा आणि १५ मिनिटं थांबू शकला असता असा, दोघे एकाच रांगेत बसले. दुसरं असं की मुलाची समज हिशेबातून वजा केली तर संयमाचाच एक तुकडा वजा होतो, असा आक्षेप घेता येतो आणि तो मला पटतो. म्हणून ‘मार्शमेलो चाचणी खोटी ठरली’ हा मथळाही फसवा. ठरलं ते इतकंच, की एकट्या मुलाचं भाकीत करण्याजोगी ती नाही.

तुमच्या उपयोगाचा प्रयोग वेगळाच आहे, रॉचेस्टर विद्यापीठाचा, २०१३चा. २८ मुलं, १४-१४चे दोन गट. मार्शमेलोच्या आधी मुलांना चांगले रंग आणि स्टिकर आणून देण्याचं कबूल केलं. एका गटाला ते दिले, दुसऱ्याला ‘सॉरी, नाहीत’ म्हणून सांगितलं. मग नेहमीची चाचणी, मर्यादा १५ मिनिटं. शब्द पाळलेल्या गटातली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेल्या गटातली ३ मिनिटं. पूर्ण वेळ थांबली ती पहिल्या गटात ९ मुलं, दुसऱ्यात १. इथेही नमुना छोटाच, पण कोण कुठल्या गटात जाणार हे योगायोगाने ठरलं होतं आणि फरक चौपट होता. मोठा फरक दाखवायला थोडी शितंही पुरतात. ०.४२ आणि ०.२ या सहसंबंधांतला फरक सांगायला शेकडो लागतात.

सवयीचाही भाग असतो. २०२२च्या एका अभ्यासात जपानी मुलं खाऊसाठी जास्त थांबली, तर अमेरिकी मुलं गुंडाळलेली भेटवस्तू उघडण्यासाठी. पंगतीत सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत हात आवरायची शिस्त असलेल्या घरातलं मूल अशा चाचणीत आपोआप ‘संयमी’ ठरेल. बालवर्गातल्या बाईंना एवढंच विचारा: दुसरं चॉकलेट खरंच मिळेल, असं वाटण्याजोगी ओळख मुलीला त्यांची होती का?

हजार लोकांना विचारून कोट्यवधींचं मत कसं कळतं? (लातूर)

शितावरून भाताची परीक्षा होते, पातेलं छोटं असो वा लग्नाचं. अट एकच, भात सगळीकडे सारखा शिजलेला हवा, नाहीतर शितं वरून, मधून आणि तळातून उचललेली हवीत.

हिशेब असा: चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या नमुन्याच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि १ला त्याने भागा. १०० जणांना विचारलं तर चूक अधिक-उणे १० टक्के, १,००० जणांना ३ टक्के, ४,०००ना १.६ टक्के. म्हणजे चूक निम्मी करायला खर्च चौपट. देशाची लोकसंख्या या सूत्रात येतच नाही.

मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ६,३६,६९९ घरं कशाला? कारण त्यातून ७०७ जिल्ह्यांचे वेगवेगळे आकडे काढायचे होते. भागाकार केलात तर जिल्ह्याला येतात जेमतेम ९०० घरं. हे सर्वेक्षण देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था चालवते. गाव किंवा वस्ती निवडायची आणि तिथली २२ घरं घ्यायची, अशी त्याची पद्धत. प्रवासखर्च वाचतो, पण एका गावातल्या घरांचं पाणी एक, अंगणवाडी एक, आशाताई एक, त्यामुळे उत्तरंही मिळतीजुळती येतात. हे साम्य ० ते १ या मापात ०.०५ इतकं किरकोळ धरलं तरी १ + (२१ × ०.०५) = २.०५. म्हणजे ९०० घरांची माहिती सुट्या निवडलेल्या सुमारे ४४० घरांइतकीच, आणि चूक ३.३वरून ४.८ टक्क्यांवर. दोन फेऱ्यांची तुलना करताना दोन्हींच्या चुका मिसळतात, मग ती होते जवळपास ७. एखाद्या जिल्ह्यात अमुक प्रमाण ३८वरून ३५वर ‘घसरलं’ या बातमीत बहुतेक वेळा बातमीच नसते. पाच वर्षांखालच्या मुलांचं कुपोषण असेल तर आणखी जपा. त्या ९०० घरांत तेवढी लहान मुलं कमीच असतात, त्यामुळे चूक अजून वाढते. राज्याचा आकडा मात्र निर्धास्त वापरा.

फोनवरच्या किंवा व्हॉट्सॲपवरच्या ‘जनमत चाचणी’ला यातलं काहीच लागू नाही. तिथे शितं स्वतःहून उडी मारून पळीत येतात.

‘प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्याने कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो.’ म्हणजे १०० पैकी १८ जणांना? (पणजी)

नाही. हा २०१५चा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा आकडा. रोज ५० ग्रॅम सॉसेज, बेकन असं काही खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा मूळ धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मूळ धोका आयुष्यभरात १००त ५ धरला तर तो ५.९ होईल, १००त १ असेल तर १.१८. आणि हे रोज खाणाऱ्यांचं, महिन्यातून दोनदा चोरीस (गोव्याचं सॉसेज) पाव खाणाऱ्यांचं नव्हे. ‘टक्के’ दिसले की ‘कशाचे?’ एवढं विचारा.

बातमीतला मूळ शोधनिबंध सापडत नाही, सापडला तर पैसे मागतात. (नाशिक)

बातमीत बहुधा विद्यापीठाचं आणि नियतकालिकाचं नाव असतं. ती दोन्ही आणि विषयाचे दोन-तीन इंग्रजी शब्द गूगल स्कॉलरवर टाका. निबंध सापडला की खालची ‘ऑल व्हर्जन्स’ ही ओळ उघडा. लेखकाने स्वतःच्या पानावर ठेवलेली मोफत प्रत अनेकदा तिथेच असते. ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरला जोडायचं साधनही कायदेशीर मोफत प्रत शोधून देतं. शासकीय विद्यापीठात किंवा महाविद्यालयात कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्या ग्रंथालयात विचारा, जानेवारी २०२५पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत तिथे सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. काहीच जमलं नाही तर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात.

वाचताना सारांशानंतर थेट ‘पद्धती’वर जा आणि किती जण, कसे निवडले, किती मध्येच गळाले हे पाहा. ‘प्रीप्रिंट’ असा शिक्का असेल तर तज्ज्ञांची छाननी अजून व्हायची आहे. मागे घेतलेला निबंध आहे का, हे ‘रिट्रॅक्शन वॉच’च्या मोफत यादीत शीर्षक टाकून कळतं.

पीएच.डी.साठी निबंध हवा आहे. एक नियतकालिक ‘तीन दिवसांत स्वीकृती’ देतं, आयएसएसएन (नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) हा क्रमांकही आहे. चालेल? (नांदेड)

तीन दिवसांत समीक्षक मिळत नाही, वाचून मत देणं लांबच. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलेला अभ्यास पाहा. विद्यापीठांनी सुचवून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य नियतकालिकांच्या तेव्हाच्या यादीत आलेल्या ५,६९९ नियतकालिकांपैकी १,३३६ त्यांनी चिठ्ठी पद्धतीने तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असा निष्कर्ष निघाला. कुठे पत्ता नाही, कुठे संपादकांची माहिती नाही, कुठे आयएसएसएनच चुकीचा. नंतर आलेली यूजीसीची केअर यादीही फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली, त्यामुळे आता पारख तुमची आणि तुमच्या विद्यापीठाची.

आयएसएसएन घरीच तपासता येतो. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ने गुणा, बेरीज करा, ११ने भागा आणि बाकी ११तून वजा करा. येईल तो आठवा अंक. उत्तर १० आलं तर तिथे ‘एक्स’ असतो, बाकी शून्य असेल तर शून्य. ‘नेचर’चा ००२८-०८३६ करून पाहा: बेरीज ८२, बाकी ५, शेवटचा अंक ६. जुळला तरी एवढ्यावर भुलू नका, हा क्रमांक दर्जा तपासून दिला जात नाही. तो आयएसएसएनच्या संकेतस्थळावर टाकून शीर्षक तेच येतं का ते पाहा. मग संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर जा. तिथे या नियतकालिकाचा उल्लेखही नसेल, तर त्यांना ईमेल करून विचारा. आपलं नाव तिथे छापलंय हे त्यांना तुमच्याकडूनच कळण्याची शक्यता बरीच आहे.