सिलिॲक असलेल्यांना चालेल असा गहू तयार करता येईल का?

प्रयोगशाळेत काम बरंच पुढे गेलंय, पण आज मिळणारा कुठलाही गहू सिलिॲकच्या रुग्णाने खाऊ नये. सिलिॲक म्हणजे ग्लूटेनमुळे, कणकेला चिकटपणा देणाऱ्या गव्हातल्या घटकामुळे, आतड्याला इजा होणारा आजार. माझ्या मुलीला तो आहे. तिचं निदान झालं तेव्हापासून मी या संशोधनावर लक्ष ठेवून आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नामागची आशा मला चांगलीच ओळखीची आहे.

मूळ अडचण अशी की ग्लूटेन म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. ग्लायडिन आणि ग्लुटेनिन या दोन गटांतल्या कितीतरी प्रथिनांचं ते मिश्रण आहे. त्यांत प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं इतकी ठासून भरलेली असतात की पाचकरसांना ती नीट तोडता येत नाहीत. अल्फा-ग्लायडिनचा 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा तर पचनातून जवळजवळ अखंड निसटतो, आणि सिलिॲकमध्ये प्रतिकारशक्ती अशाच तुकड्यांवर भडकून आतड्याचं अस्तर झिजवते.

त्यात पावासाठी वापरतात त्या गव्हात जनुकांचे तीन संच असतात: ए, बी आणि डी. ग्लायडिनची जनुकं तिन्हींत झुबक्यांनी विखुरलेली. नुसत्या संकराने ती सगळी काढायची म्हणजे फार किचकट काम. म्हणून स्पेनमधल्या कोर्दोबाच्या फ्रान्सिस्को बारो यांच्या गटाने क्रिस्पर हे जनुकांत नेमका बदल करण्याचं तंत्र वापरलं. 2018 साली त्यांनी दाखवलं की एका वाणात 45 पैकी 35 अल्फा-ग्लायडिन जनुकं बदलली गेली आणि चाचणीत प्रतिकारशक्तीला चिथावण्याची क्षमता 85 टक्क्यांनी घटली.

ते वाचून मला किती आनंद झाला होता! मग कागद घेऊन ढोबळ हिशेब केला. किलोभर पिठात साधारण 80 ग्रॅम ग्लूटेन, म्हणजे 80,000 मिलिग्रॅम. त्यातलं 85 टक्के गेलं असं धरलं तरी 12,000 उरतं. ग्लूटेनमुक्त पदार्थासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅम.

बार्लीत मात्र हे जमलंय. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेने जनुकबदल न करता, केवळ संकरातून 'केबारी' नावाची बार्ली तयार केली. तिच्यात ग्लूटेन दशलक्षात 5 भागांहून, म्हणजे किलोमागे 5 मिलिग्रॅमहून कमी आहे. पण बार्लीत जनुकांचा संच एकच, आणि ही बार्ली ज्या बिअरसाठी वापरतात तिला कणकेची लवचीकता लागत नाही. गव्हातलं सगळं ग्लूटेन काढलं तर कणीक धरूनच राहणार नाही. म्हणून संशोधक ग्लुटेनिन ठेवून ग्लायडिन काढू पाहतात. पण त्रासदायक तुकडे थोडेफार ग्लुटेनिनमध्येही असतातच.

आणि कृपा करून 'जुना गहू चालतो' या सल्ल्यावर जाऊ नका. खपलीत डी संच नसतो हे खरं, आणि तो 33चा तुकडा डी संचातूनच येतो हेही खरं. तरी ए आणि बी मधलं ग्लायडिन उरतंच. एका नातेवाइकांच्या आग्रहामुळे आम्ही काही आठवडे तो मुलीला दिला. पुढच्या रक्ततपासणीत तिच्या अँटिबॉडी पुन्हा वाढलेल्या होत्या.

उद्या 'सुरक्षित गहू आला' अशी बातमी दिसली तर एकच बघा: सिलिॲकच्या रुग्णांनी तो कित्येक महिने रोज खाल्ला का, आणि त्यानंतर त्यांच्या आतड्याची बायोप्सी झाली का. त्याचा उल्लेख नसेल तर घरातल्या रुग्णाच्या ताटात तो गहू वाढू नका.