मतदारसंघ आपला, गोंधळ नेहमीचा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

महापालिकेचा प्रभाग, विधानसभेचा मतदारसंघ आणि लोकसभेचा मतदारसंघ यांची गल्लत करणारी पत्रे काही थांबत नाहीत. या वेळी औरंगाबाद लोकसभा मतदारसंघावरचे (क्रमांक 19) प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (सिल्लोड): आमचा जिल्हा छत्रपती संभाजीनगर, मग आमचे खासदार जालन्याचे कसे?

जिल्ह्याची हद्द हीच मतदारसंघाची हद्द, असे कायद्यात कुठेही नाही. राज्यात विधानसभेच्या 288 जागा आणि लोकसभेच्या 48, म्हणून एका खासदाराच्या वाट्याला सहा आमदार. तुमच्या जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत. त्यांतल्या कन्नड, गंगापूर, वैजापूर आणि औरंगाबाद मध्य, पश्चिम, पूर्व या सहा औरंगाबादेत राहिल्या. जालना जिल्ह्याच्या पाच जागांपैकी परतूर आणि घनसावंगी परभणीला जोडल्या गेल्या. मग जालन्याचा आकडा भरायला सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण तिकडे गेले. म्हणून वेरूळचे खासदार वेगळे आणि अजिंठ्याचे वेगळे. शहराच्याच तालुक्यातले करमाडसुद्धा फुलंब्रीमार्गे जालन्यात मोडते. ही रचना 2008 च्या परिसीमन आदेशाची (मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या आदेशाची) आहे आणि 2009 च्या निवडणुकीपासून लागू आहे.

प्रश्न (उस्मानपुरा): शहराचे नाव बदलले, मग मतदारसंघाचे का नाही?

शहर-जिल्ह्याचे नामांतर 2023 चे, मतदारसंघाचे नाव 2008 च्या आदेशातले. 2024 च्या दोन्ही निवडणुका जुन्याच नावाने झाल्या. अर्ज भरताना मतदारसंघाचा क्रमांक बघा, म्हणजे नावाचा घोळ होणार नाही.

प्रश्न (पदमपुरा): औरंगाबाद पश्चिम राखीव आहे. मग लोकसभेला इथून खुल्या गटातला उमेदवार कसा चालतो?

पश्चिमची जागा विधानसभेपुरती अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. लोकसभेची जागा खुली आहे. मराठवाड्यातल्या आठ लोकसभा जागांपैकी राखीव आहे ती फक्त लातूरची.

प्रश्न (वैजापूर): आपला मतदारसंघ 1989 पासून 2019 पर्यंत सलग शिवसेनेकडे होता ना?

नव्हता. 1998 साली काँग्रेसचे रामकृष्णबाबा पाटील निवडून आले. त्याआधी मोरेश्वर सावे (1989, 1991) आणि प्रदीप जैस्वाल (1996), त्यानंतर 1999 ते 2014 चार वेळा चंद्रकांत खैरे.

‘आधी तर नुसती काँग्रेसच होती’ हेही ऐकीव. पहिली निवडणूक झाली तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो. 1957 च्या निवडणुकीत आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात होतो आणि खासदार झाले स्वामी रामानंद तीर्थ. तोवर काँग्रेस, हे खरे. पण 1977 मध्ये जनता पक्षाचे बापू काळदाते आले आणि 1984 च्या लाटेतही इंदिरा काँग्रेसला ही जागा मिळाली नाही. समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर जिंकले. 2019 मध्ये एमआयएमचे इम्तियाज जलील 4,492 मतांनी आले, 2024 मध्ये शिंदे गटाचे संदिपान भुमरे 1,34,650 मतांनी.

प्रश्न (टीव्ही सेंटर): मतदारसंघात कुठल्या समाजाची किती मते, याचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. एक एजन्सी अशी ‘जातनिहाय मतदारयादी’ विकते. भरवशाची असते का?

नसते. आणि हे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण दर निवडणुकीत हाच माल नवे वेष्टन घालून विकला जातो.

मतदारयादीचे एखादे पान समोर धरा. प्रत्येक चौकटीत अनुक्रमांक, नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक. जात आणि धर्म हे रकानेच नाहीत. मग एजन्सीला जात कळते कशी? आडनावावरून. जाधव मराठा असतात, बौद्ध असतात, बंजाराही असतात. पवारांचे तेच. देशमुख आणि पटेल आडनावाचे मुसलमान मराठवाड्यात गावोगाव आहेत. यादी विकणारा हे सगळे एका खान्यात टाकतो, वर दशांश चिन्हापर्यंत टक्केवारी देतो, आणि घेणाऱ्याला ते शास्त्र वाटते.

‘जनगणनेतून घेतले’ असे कोणी म्हणाले, तर तेही तपासा. 2011 च्या जनगणनेत अनुसूचित जाती-जमातींची संख्या गाव-वॉर्डापर्यंत मिळते. धर्माचे आकडे शहर-तालुक्याच्या पातळीवर थांबतात. मराठा किंवा ओबीसी असा रकानाच त्यात नव्हता. महापालिका हद्दीची तेव्हाची लोकसंख्या 11,75,116. त्यात पाळण्यातली मुलेही आली, ती काही मतदार नव्हेत. शिवाय जनगणनेचे वॉर्ड आणि मतदारसंघाच्या हद्दी जुळत नाहीत.

आकडा खरा धरला तरी गठ्ठा मतदान गृहीत धरायचे कशाच्या जोरावर? 2019 मध्ये जलील यांना 3,89,042, खैरे यांना 3,84,550 आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांना 2,83,798 मते पडली. तक्ते करणाऱ्यांच्या कुठल्या खान्यात हे बसते? ज्याला ‘शहरी’ म्हणतात त्या या मतदारसंघाच्या सहापैकी तीन जागा कन्नड, गंगापूर आणि वैजापूरच्या आहेत. तिथे कापूस, मका, कांद्याचे भाव आणि पाणी हेही बोलतात.

इच्छुकांनी एक लक्षात ठेवावे. जात किंवा धर्माच्या नावाने मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची व्याप्ती मतदाराच्या जात-धर्मापर्यंत नेली. यादीसोबत मोबाइल क्रमांक विकत मिळत असतील, तर पैसे मोजण्याआधी वकिलाला विचारा.

प्रश्न (खुलताबाद): मतदारसंघाबाहेरचा माणूस इथे उभा राहू शकतो?

हो. लोकसभेला देशात कुठेही मतदार असले की चालते. भुमरे पैठणचे आमदार होते आणि पैठण जालना लोकसभेत आहे. सूचक मात्र इथलाच मतदार लागतो. मान्यताप्राप्त पक्षाला एक, इतरांना दहा. तरी अर्ज भरण्याआधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून तपासणी यादी घ्या.

प्रश्न (कन्नड): नव्या रचनेत कन्नड दुसरीकडे जाणार, असा नकाशा आला आहे. खरा आहे?

त्यावर राजपत्राचा क्रमांक आहे? नसेल तर पुसून टाका. परिसीमन आयोग मसुदा राजपत्रात छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. त्याआधीचा नकाशा म्हणजे कुणाची तरी इच्छा.

प्रश्न (सिडको): आम्ही पैठणला राहायला गेलो. ओळखपत्र जुनेच आहे. मत कुठे द्यायचे? नेट कॅफेवाला नाव बदलायचे पाचशे रुपये मागतो.

अर्जाला सरकारी शुल्क नाही. ओळखपत्र खिशात असले तरी यादीत नाव नसेल तर मत नाही. तुमचा विधानसभा आणि लोकसभा, दोन्ही मतदारसंघ बदलले. स्थलांतरासाठी नमुना 8 भरा. नमुना 6 नवीन मतदारासाठी असतो. तो भरलात तर नाव दोन ठिकाणी येते, आणि खोटे निवेदन केल्याचे ठरले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पत्त्याचा पुरावा जोडा: आधार, बँक पासबुक, वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार. पैठणला नुसता प्लॉट असून भागत नाही, राहणे तिथे हवे.

निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नाव चढत नाही, आणि हरकतींसाठी सात दिवस त्याआधीच धरावे लागतात. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. अर्ज फेटाळला तर लेखी आदेश मागा. पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथेही नाही जमले तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. पण आधी पैठणच्या बीएलओला, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटा. तो सापडत नसेल तर 1950 वर फोन करा किंवा तहसीलच्या निवडणूक शाखेत जा.