ऐकण्याच्या प्रथिनाचा अभ्यास करायला जंत कशाला? त्यांना कान तरी असतात का?

तुमच्या भाचीला जन्मतः ऐकू येत नाही, जनुक तपासणीत टीएमसी१ या जनुकाचा दोष निघाला आणि त्याच जनुकाच्या प्रथिनासाठी अमेरिकेत कोट्यवधी जंत वाढवल्याचं वाचून तुम्ही हे विचारलंय. कान नसतात त्यांना. तरी जंतच का, ते सांगते. प्रथिनांची रचना हाच माझा कामाचा विषय आहे.

आतल्या कानातल्या केशपेशींच्या डोक्यावर बारीक केसांच्या चढत्या उंचीच्या रांगा असतात. आखूड केसाचं टोक शेजारच्या उंच केसाला एका प्रथिन-धाग्याने बांधलेलं असतं. आवाजाने केस झुकले की धागा ताणला जातो आणि त्याच्या खालच्या टोकाशी टीएमसी१ चं दार उघडतं. पोटॅशियम, कॅल्शियमचे आयन आत शिरतात, पेशी ग्लुटामेट हे निरोप्या रसायन सोडते, श्रवणचेतेवरचे (कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरचे) एएमपीए ग्राही, म्हणजे ते पकडणारी प्रथिनं, ते ओळखतात आणि संदेश मेंदूकडे निघतो. मेंदूतल्या पेशीही एकमेकींशी बोलायला हेच ग्राही वापरतात. अशा एका पूर्ण ग्राहीची रचना ओरेगनमधल्या व्होलम इन्स्टिट्यूटच्या एरिक गुओ यांच्या गटाने २००९ मध्येच उलगडली होती. पुढे हाच गट कानाकडे वळला.

तिथे अडचण मालाची होती. माणसाच्या एका कानात केशपेशी जेमतेम १५,००० च्या आसपास, आणि प्रत्येकीत हे प्रथिन अगदी थोडं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून ते बनवून घ्यावं, तर ते आतच अडकून राहतं, पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. उंदरांचे कान गोळा करून भागणारं हे काम नव्हे.

सी. एलिगन्स हा मातीत राहणारा, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा गोलकृमी. (आपल्या पोटातले जंत ते वेगळे.) बॅक्टेरिया खाऊन तो हवा तेवढा वाढतो, आणि टीएमसी-१ त्याच्याकडेही आहे. गुओंच्या गटाने त्याच्या जनुकालाच चमकणाऱ्या प्रथिनाची खूण जोडली, सुमारे सहा कोटी कृमी वाढवले, त्यांच्या पेशींची पटलं वेगळी काढून डिटर्जंटमध्ये विरघळवली आणि खुणेला धरून फक्त हवं ते प्रथिन बाहेर ओढलं. मग ते गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या असंख्य प्रतिमा घेतल्या. २०२२ मध्ये रचना प्रसिद्ध झाली: टीएमसी-१ च्या दोन प्रती, आतल्या बाजूने त्यांना चिकटलेलं कॅल्शियम बांधणारं प्रथिन, आणि दोन कडांना टीएमआयई नावाचं आणखी एक प्रथिन, अ‍ॅकॉर्डियनच्या दोन मुठींसारखं. मला यातलं सर्वांत मोलाचं हे वाटतं की माणसात टीएमआयई बिघडलं तरीही बहिरेपणा येतो. तो का येतो, याचा विचार आता प्रत्यक्ष रचना समोर ठेवून करता येतो.

टीएमसी१ आणि बहिरेपणाचा संबंध २००२ मध्ये पक्का झाला, तोही बऱ्याच अंशी भारत-पाकिस्तानातल्या कुटुंबांमुळे. म्हणजे तुमच्या भाचीचा दोष आपल्याकडे अनोळखी नाही. जनुक समुपदेशकाकडून नेमका कोणता बदल आहे ते लिहून घ्या.

आणि कृपा करून जीन थेरपीची वाट बघत बसू नका. मुलांना ऐकू येऊ लागल्याच्या २०२४ मधल्या शांघायच्या बातम्या ओटोफर्लिन या वेगळ्या जनुकाच्या होत्या. टीएमसी१ च्या दोषात बिघाड केशपेशीत असतो, श्रवणचेता सहसा शाबूत असते, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे केशपेशींना वगळून चेतेला थेट विजेचे संकेत देणाऱ्या कानात बसवायच्या यंत्राचा, चांगला उपयोग होतो. भाची लहान असेल तर कानाच्या डॉक्टरांशी याच महिन्यात बोला. भाषा शिकण्याची पहिली वर्षं वाया जाऊ देऊ नका.