आईचे तीन दवाखान्यांतले रेकॉर्ड एकाच पोर्टलवरून मागवता येतात का?

तुम्ही लिहिलंय की आई नागपुरात असते आणि तुम्ही पुण्यात. सुरुवातीच्या तपासण्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात झाल्या, स्तनातली गाठ धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात काढली आणि केमो तिसरीकडे चालू आहे. आता पुण्याच्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्यायचंय आणि ते सगळे कागद मागतायत. हे सगळं एकाच ऑनलाइन पोर्टलवरून मागवता येईल का, आणि मागणी कुठवर आली ते दिसेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी नागपुरातल्याच एका खासगी रुग्णालयाच्या एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड विभागात काम करते. असे अर्ज रोज हातात येतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काही कागद पोर्टलवरून मिळतील, काही लेखी अर्जानेच मिळतील, आणि कॅन्सरच्या दुसऱ्या मतासाठी जे सगळ्यात जास्त लागतं ते कुठल्याच पोर्टलवर येत नाही. त्यामुळे एक संपलं की दुसरं असं करू नका, तिन्ही कामं एकदमच सुरू करा.

आधी पोर्टल. आपल्याकडे यासाठी आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे. ते २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो आणि आभा ॲपमधून आपले रेकॉर्ड बघता येतात. आभा कार्ड म्हणजे पाच लाखांच्या विम्याचं आयुष्मान कार्ड नव्हे. आमच्या काउंटरवर लोक आभा कार्ड दाखवून बिल माफ होईल असं समजतात आणि मग त्यांचा फार हिरमोड होतो. आभाचं काम फक्त रेकॉर्डपुरतं.

बहुतेकांना वाटतं की सगळ्या दवाखान्यांचे कागद दिल्लीत एका मोठ्या सर्व्हरवर गोळा झालेत आणि आपण बटण दाबलं की ते खाली येतील. तसं नाही. रिपोर्ट ज्या दवाखान्यात तयार झाला, तिथल्याच संगणकात राहतो. पोर्टल फक्त विचारतं, ‘या बाईंचं तुमच्याकडे काही आहे का?’ दवाखाना या व्यवस्थेला जोडलेला असेल, तो रिपोर्ट त्याच्या संगणकात असेल आणि तुम्ही परवानगी दिली असेल, तरच तो दिसतो. या तिन्हीपैकी एक जरी नसलं, तरी यादी रिकामी येते. यादी रिकामी दिसली म्हणून रेकॉर्डच नाही असं समजू नका. कागदी फाइल बहुतेक वेळा रॅकवर व्यवस्थित असते.

ॲपमध्ये दवाखान्याचं नाव शोधून तो जोडायचा असतो. तिथे खरी अडचण येते ती ओळख जुळण्यात. नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल नंबर यांवरून तो संगणक रुग्ण शोधतो. आता भरतीच्या वेळी काउंटरवर काय होतं ते सांगते. पेशंट स्ट्रेचरवर, नातेवाईक घाबरलेले, आणि क्लार्क विचारतो, ‘मोबाइल सांगा.’ जो पुढे उभा असतो तो स्वतःचा नंबर सांगतो. कधी जावई, कधी शेजारचे काका. वय अंदाजाने लिहिलं जातं. नावही आधारवर एक आणि केसपेपरवर दुसरं, कारण घरात त्यांना त्याच नावाने हाक मारतात. मग वर्षभराने मुलगी आईच्या नंबरवरून शोधते आणि काहीच सापडत नाही.

म्हणून ॲप उघडायच्या आधी आईजवळचं जुनं डिस्चार्ज कार्ड किंवा बिल काढा. त्यावर यूएचआयडी आणि आयपीडी नंबर असतो. यूएचआयडी त्या रुग्णालयात माणसाला कायमचा मिळालेला असतो, आयपीडी नंबर त्या एका भरतीचा असतो. हे दोन नंबर असले की आमचं काम मिनिटांत होतं. नसले की नुसत्या नावावरून रजिस्टर चाळावं लागतं, आणि नागपुरात एकाच नाव-आडनावाच्या कितीतरी बाया निघतात. यूएचआयडीवर मोबाइल नंबर चुकीचा चढलेला असेल, तर आईचं आधार दाखवून रजिस्ट्रेशन काउंटरवर तो आधी बदलून घ्या. आईचा मोबाइल आधारला जोडलेला आहे ना, तेही बघा. आभा काढताना ओटीपी त्याच नंबरवर येतो. तुम्ही पुण्याहून हे करणार असाल, तर त्या वेळी आईजवळ घरातलं कुणीतरी बसवा.

मागणी कुठवर आली हे दिसतं का, तर आभापुरतं हो. पुण्याचं रुग्णालय या व्यवस्थेत असेल, तर तिथले डॉक्टर आईकडे रेकॉर्ड बघण्याची परवानगी मागू शकतात. ती विनंती आईच्या ॲपमध्ये येते. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या तारखांमधले कोणते कागद आणि किती दिवसांसाठी, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. आईने मंजुरी दिली, नाकारली की मुदत संपली, ते तिथेच दिसतं, आणि दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते. मला ही सोय मनापासून आवडते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला रिपोर्ट समोरच्याने एकदा उतरवून घेतला की परत घेता येत नाही.

पण पोर्टल गप्प बसलं, तर लेखी अर्जच कामाला येतो, आणि त्यात तुमची बाजू भक्कम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं, तर पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे असतात. भरती झालेल्या रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपायचं, हेही त्यात आहे. रुग्णाला किंवा जवळच्या नातेवाइकाला खर्च घेऊन प्रती द्याव्याच लागतील, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. म्हणजे तुम्ही कुणाकडे मेहेरबानी मागत नाही आहात.

अर्ज साधाच करा. आईचं नाव, यूएचआयडी, भरती आणि सुटीच्या तारखा, अधिकारपत्रावर आईची सही किंवा अंगठा आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ७२ तास मोजायचे ते त्या तारखेपासून. पुढे फोन केलात तर ‘परवा अर्ज दिला होता’ म्हणण्यापेक्षा आवक क्रमांक सांगा, समोरच्याला लगेच फाइल काढता येते.

‘सर्व रेकॉर्ड द्यावे’ एवढंच लिहू नका. तसं लिहिलं की पुष्कळदा डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते. पूर्ण इनडोअर केसपेपर (भरती असतानाची सगळी फाइल), ऑपरेशन नोट, बायोप्सीचा आणि काढलेल्या गाठीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीचा), आयएचसी रिपोर्ट (गाठीच्या पेशींमधल्या विशिष्ट खुणांच्या तपासणीचा) आणि केमोचा चार्ट, अशी नावं घालून मागा. आयएचसीवर विशेष लक्ष ठेवा. ईआर, पीआर आणि हर-टू या तीन खुणा आहेत की नाहीत हे सांगणारा तो रिपोर्ट बऱ्याचदा पेशंटला सुटी झाल्यावर येतो, कधी बाहेरच्या लॅबमधून, आणि फाइलला लागतच नाही. उपचार कोणते द्यायचे ते त्यावर ठरतं, त्यामुळे पुण्याचे डॉक्टर आधी तोच विचारतील. केमोच्या चार्टवर औषधाचं नाव, मात्रा आणि तारीख प्रत्येक सायकलसाठी, म्हणजे केमोच्या प्रत्येक फेरीसाठी हवी. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा हृदयावर परिणाम होतो, म्हणून आयुष्यभरात मिळून किती द्यायचं याला मर्यादा आहे. आधी किती गेलंय हे नव्या डॉक्टरांना अंदाजाने ठरवता येत नाही.

मेडिकलसाठीही आधी असाच अर्ज तिथल्या रेकॉर्ड विभागात द्या. उत्तर आलंच नाही, तर सरकारी संस्था असल्याने माहिती अधिकार आहेच. राज्याच्या आरटीआय पोर्टलवर १० रुपये फी भरून अर्ज करता येतो, नोंदणी क्रमांक मिळतो आणि त्यावरून अर्जाची स्थिती बघता येते. मुदत मात्र ३० दिवसांची आहे, म्हणून हा मार्ग शेवटी.

आता पोर्टलवर न येणाऱ्या वस्तूंबद्दल. काढलेल्या गाठीचे बारीक तुकडे मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. प्लॅस्टिकच्या चपट्या डबीला चिकटलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा मेणाचा तुकडा, कडेला लिहिलेला नंबर. त्याचे पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. चांगला कॅन्सर विभाग नुसत्या रिपोर्टवर थांबत नाही, ब्लॉक आणि स्लाइड मागवून आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेतो. हे एमआरडीत नसतात, पॅथॉलॉजीत असतात, म्हणून अर्ज तिथे वेगळा द्यायचा. हातात घेतल्यावर ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथेच उभं राहून ताडून बघा. हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. एप्रिल-मेच्या नागपुरात बंद गाडीत डॅशबोर्डवर ती पिशवी अजिबात ठेवू नका. सीटी, एमआरआय किंवा मॅमोग्राफीच्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटोही चालत नाही. डायकॉम फाइल, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल प्रतिमा असलेली सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा, आणि ती उघडते का ते तिथल्याच संगणकावर बघून घ्या.

पुण्याची अपॉइंटमेंट जवळ असेल आणि सगळं जमलं नसेल, तर हिस्टोपॅथॉलॉजी, आयएचसी, ऑपरेशन नोट आणि केमोचा चार्ट एवढे चार कागद घेऊन जा, ब्लॉक मागून पाठवता येतो. या सगळ्या धावपळीत आईच्या केमोची ठरलेली तारीख कागदांसाठी स्वतःहून पुढे ढकलू नका. तसं करावंसं वाटलं, तर आधी आत्ताच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.