वाचकांचे प्रश्न : अक्का, हे खुनाबिनाचं काय काढलंय?

(सीमाभागातल्या एका ज्येष्ठ कथालेखिकेला आपल्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.)

प्रश्न : अक्का, तुमच्या म्हशी, बांध, सासुरवासाच्या गोष्टी वाचत आम्ही मोठे झालो. आणि गेल्या दिवाळी अंकात एकदम खून, पोलीस, पंचनामा! ह्या वयात हे काय सुचलं की हो? (एक वाचक, निपाणी)

सुचलं कुठलं, कंटाळा आला. पावसाळा सुरू झाला की संपादकांचा फोन ठरलेला, "अक्का, नेहमीसारखी एक कथा पाठवा", आणि ते नेहमीसारखं हाताला इतकं बसलं होतं की म्हातारीनं पदर तोंडाला लावला की कथा संपली, हे मलाच आधी कळायचं. लोकांना आवडत होतं, मानधन येत होतं (मागं लागलं की), पण लिहिणाऱ्यालाच झोप यायला लागल्यावर काय करायचं? रहस्यकथेत तसं चालत नाही. मोटारसायकल पहिल्या पानावर बंद पडलेली असली तर शेवटी ती चालू कशी झाली ते सांगावंच लागतं. गावाकडच्या कथेत अडलं की मी सरळ पाऊस पाडायची.

प्रश्न : मॅडम, सीमाभागात आयुष्य काढून सीमाप्रश्नावर तुमची एकही कादंबरी नाही. मुद्दाम टाळलंत का? (शिक्षक, खानापूर)

टाळलं नाही हो सर, जमत नव्हतं. 1946 च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, 1956 ला आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलो, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालापण पाठ असतं. पण त्यावर लिहायला बसलं की माझी पात्रं उठून भाषणच करायला लागायची, आणि भाषणं आपण 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला ऐकतोच की.

आणि ह्या खुनाच्या गोष्टीत ते आपसूक आलं बघा. प्रेत मी टाकलं बेळगाव-वेंगुर्ला रोडला, बाची आणि शिनोळीच्या मधी. बाची इकडं कर्नाटकात, शिनोळी तिकडं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. मग गुन्हा नोंदवायचा कुठल्या ठाण्यात? ओळखीच्या वकिलांना विचारलं तर ते म्हणाले, 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आहे, आमची हद्द नाही म्हणून हात झटकता येत नाहीत, झिरो एफआयआर घ्यायचा आणि हद्दीतल्या ठाण्याकडं पाठवून द्यायचा. बरं, दिला पाठवून. आता तिकडचा जबाब मराठीत, इकडचा पंचनामा कन्नडमध्ये, आणि पंच म्हणून उभा केलाय माझा एक म्हातारा शेतकरी, ज्याला स्वतःच्या रानाचा कन्नड उतारासुद्धा दुसऱ्याकडनं वाचून घ्यावा लागतो. फौजदार वाईट नाही हं. चहा पाजतो, खुर्ची देतो, कागदावर बोट ठेवून "इल्ली सही माड्री, अज्जा" म्हणतो, आणि अज्जा चष्मा पुसून, तीन ओळींचा मजकूर बघितल्यासारखं करून, बोटाच्या शेजारी मोडीसारखी वळणं घेत सही करतो. ते पान झालं आणि मला वाटलं, इतकी वर्षं मला लिहायचं होतं ते हेच असणार. भारी विषयाला समोरून धडका मारत बसण्यापेक्षा भलत्याच गोष्टीच्या मागच्या दारानं तो घरात येतो असा माझा अनुभव, दुसऱ्यांचा वेगळा असेल.

प्रश्न : मॅम, मला ऑडिओसाठी कथा लिहायच्या आहेत. छापलेली कथा तशीच वाचली तर चालत नाही का? (कॉलेज विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

चालते ना, पण ऐकणारी बाई भाकरी थापत ऐकतेय, पान मागं उलटायला तिचा हात मोकळा नाही. म्हणून सुमन, सुनंदा, सुशीला अशी एकासारखी एक नावं एका कथेत नकोत, आणि दोन पुरुष समोर असताना नुसतं 'तो म्हणाला' नको, नाव परत घे, कागदावर बोजड दिसतं, कानाला दिसत नाही. कंसातलं वाक्य तर ऐकूच येत नाही (मला कंस सुटत नाहीत ते सोड). हे मी शिकले ते कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर अशा गावांतल्या संमेलनांत. सकाळी ग्रंथदिंडीत चालून, जेवून बायका मांडवात बसलेल्या असतात, कथाकथन दुपारचं. खोकल्याचे आवाज वाढले की समजायचं, वर्णन लांबलं. कुणी उठून जात नाहीत, पण पोरांना पाणी पाजायला काढतात! तू आधी घरात मोठ्यानं वाच, फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी काम करता करता ऐक. जिथं तुझंच लक्ष उडेल तिथं कात्री.

प्रश्न : तुमचे जुने कथासंग्रह दुकानात मिळत नाहीत. ई-बुक काढा की. (एक वाचक, चिकोडी)

काम चालू आहे. जुन्या फाइली श्रीलिपी ह्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टातल्या आहेत, युनिकोडमध्ये नेल्या की रफार भलतीकडं उडतात आणि जोडाक्षरं फुटतात, त्यामुळं ओळ न् ओळ परत वाचावी लागते. पहिला संग्रह दसऱ्यापर्यंत होईल. दुसऱ्याची प्रुफं कुणी फुकट तपासून देणार असेल तर मासिकाच्या पत्त्यावर कळवा, बेळगावी कुंदा, खव्याची मिठाई, माझ्याकडनं.